नंबर एकचा मान

६ सप्टेंबर २००४
आजपासून संघातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे. खरेदी-विक्री संघाच्या हेड ऑफिसात दुसरं आहेच कोण? मी कोर्स केलाय. (सर्टिफिकेट यायचंय.)
प्रत्येक मशीनला एक नंबर द्यावा लागतो, नाहीतर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. पुढचे लांबलचक आकडे सगळ्यांना सारखेच, शेवटचा तेवढा वेगळा. इंजिनियर लोक याचा फार बाऊ करतात. मला अवघड गेलं नाही. वीस वर्षं संघाच्या स्टेजवरच्या खुर्च्या मी लावतोय, हारांचा क्रम मी ठरवतोय. एकदाही कोणी रुसून गेलेलं नाही. तोच क्रम धरला. चेअरमन सयाजीराव, १. व्हाइस चेअरमन अमरसिंह, २. मॅनेजर, ३. मी, ४. आवक-जावकच्या बाळाबाई शेवटी.
ही डायरी कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार. सौ. म्हणते मी वाचत नाही. म्हणजे वाचते.

१३ सप्टेंबर
दीक्षा नावाची इंजिनियर संघात नवीन लागली. गारगोटीची. पहिल्याच दिवशी मला अण्णा म्हणाली, खुर्ची पुढं केली. एवढी नम्रता कशासाठी? लक्ष ठेवायला हवं.
म्हणाली, अण्णा, तुम्ही हातानं नंबर दिलाय ते बरंच केलंय, पण आता मशीन वाढणार. हातानं देताना कधीतरी एकच नंबर दोघांना जातो आणि मग घोळ होतो. तिनं कोपऱ्यात एक मशीन मांडलंय. आता कुठलाही कॉम्प्युटर चालू झाला की तो ओरडून विचारतो, कोण हाय का, मला नंबर द्या. कोपऱ्यातलं मशीन रिकामा असेल तो देऊन टाकतं. आपोआप. मला न विचारता.
आणि स्वतःकडे १ ठेवतं! वाढप्यानं आधी स्वतःचं ताट वाढून घ्यावं तसं.

१४ सप्टेंबर
फिरून बघितलं. बाळाबाई १०. अमरसिंह ११. चेअरमन २७!! मी ३४.
जो आधी चालू होईल त्याला आधीचा नंबर म्हणे. हे एस.टी.त ठीक आहे, रुमाल टाकला की जागा आपली. संघ म्हणजे एस.टी. नव्हे.
दीक्षाला विचारलं. म्हणाली, नंबर कुणाला दिसत पण न्हाय अण्णा, उद्या बदलला तरी चालतंय. म्हणजे आज चेअरमन सत्तावीस, उद्या चाळीस! हे कोणाच्या डोक्यातून आलंय? बाळाबाई अमरसिंहांच्या गावच्या आहेत. नोंद करून ठेवली.

१६ सप्टेंबर
चेअरमनांच्या कानावर घातलं. कर्तव्य म्हणून. म्हणाले, सत्तावीस? मी? मग एक कोण हाय? मी म्हटलं, कोपऱ्यातला डबा. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, बघा की जरा.
एवढं पुरे. दीक्षा डबा खायला गेली तेवढ्यात साहेबांच्या मशीनवर हातानं १ घालून टाकला. पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली. साहेबांसमोर इंग्रजी वाचत उभं राहणं बरं दिसत नाही. ओके दाबलं. कोपऱ्यातलं मशीन समजून घेईल. यंत्र झालं तरी संघाचंच आहे, चेअरमन कोण ते त्याला कळायला हवं.
साहेब खूश. लगेच मशीन बंद करून घरी गेले. कोणाला बोललो नाही. मोठी कामं गाजावाजा न करता करावीत.

२० सप्टेंबर
भानगड. अकराला साहेब आले, त्यांनी मशीन चालू केलं आणि सगळं ऑफिस बंद. गोदामात खत किती ते दिसेना, शेतकऱ्यांच्या पावत्या निघेनात. आरडाओरडा. एकला साहेब गेले आणि सगळं सुरळीत.
कोणीतरी मुद्दाम करतंय.

२४ सप्टेंबर
पुन्हा तेच. साहेब आले की बंद, गेले की चालू. म्हणजे साहेबांच्या गाडीवर कोणाची तरी नजर आहे. अमरसिंहांची खिडकी गेटच्या बाजूला उघडते. गेली दहा वर्षं तशीच उघडते, पण आत्ताच लक्षात आलं.
रांगेतला चंदगडचा एक शेतकरी मला मोठ्यांदा विचारतो, पावणं, चेअरमन जाणार कवा? गाडी निघाली तेव्हा रांगेनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी काचेतून हात जोडले. मी गैरसमज दूर केला नाही.

२७ सप्टेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. म्हणाले, आकाराम, ह्यो योगायोग न्हाय. खंडेनवमीला यंत्रांची पूजा आणि कॉम्प्युटरचं उद्घाटन हाय, समदे संचालक येणार. त्याच्या आत कोण करतंय ते हुडका. हुडकलं तर कॉम्प्युटर विभागप्रमुख तुम्ही. न्हाय तर गगनबावड्याच्या गोदामाला माणूस पाहिजेच हाय.
गगनबावडा! तिथं कपडे जूनला वाळत घातले की दिवाळीला काढतात.
पण तशी वेळ येणार नाही. संशय घेण्यात माझा हात कोणी धरत नाही.

३० सप्टेंबर
केरबा शिपाई. साहेबांचा चहा घेऊन वायरवरून जातो. नेमका तेव्हाच! त्याचा चहा बंद केला. साहेबांना चहा नाही, नेटवर्कही नाही, आणि माझ्यावर डाफरले. केरबा निर्दोष. किंवा त्याला साथीदार आहे.

५ ऑक्टोबर
दीक्षा हळूच विचारते, अण्णा, चेअरमन साहेबांच्या मशीनला कुणी हात लावलाय का? मी म्हटलं, माझ्याशिवाय तिथं कोणी जात नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. म्हणाली, मला एकदा बघू द्या की. का? नेमकं तेच मशीन का बघायचंय? केबिनला कुलूप घातलं, किल्ली खिशात. साहेब आले की मीच उघडतो, मीच मशीन चालू करून देतो.
ती पाटी रोज येते. रोज ओके दाबतो.
संशयितांत दीक्षाला पहिला नंबर दिला.

१० ऑक्टोबर
सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, त्ये आल्यावरच बंद पडतंय म्हंजे त्येंच्याच मशीनमधी खोट असंल की. तिला संघाचं राजकारण समजावून सांगितलं. म्हणाली, व्हय व्हय, जेवा.
पण हा विचार तिच्या डोक्यात कोणी घातला? दीक्षा भाजी मंडईला जाते. सौ.सुद्धा जाते.

२० ऑक्टोबर
उद्या उद्घाटन. खुर्च्या लावल्या, हार मोजून घेतले. गुन्हेगार सापडला नाही, पण जवळजवळ सापडलाच आहे.
संध्याकाळी दीक्षा म्हणाली, अण्णा, माझं ऐका, उद्या साहेबांचं मशीन बंदच ठेवा, दुसऱ्यावर बटण दाबू द्या. वा! म्हणजे उद्घाटन चेअरमनांचं आणि मशीन दुसऱ्याचं. कट उघड झाला. साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, उद्या समद्यांसमोर बघू तिला.
नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. विभागप्रमुखाला शोभेल असा.

२१ ऑक्टोबर. खंडेनवमी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
पूजा झाली. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, पुढं नारळ. साहेबांनी बटण दाबलं. संचालक बघत होते. सगळे पडदे थिजले. अमरसिंह खोकले. तो खोकला नव्हता.
साहेबांनी दीक्षाकडे बोट दाखवलं. ती घाबरली नाही. पुढं आली आणि ती इंग्रजी पाटी मराठीत मोठ्यानं वाचली, की हा नंबर दुसऱ्या मशीनकडं आधीच हाय. दोघांचा एकच नंबर झालाय, म्हणून कुणाचं कुणाला पोचत न्हाय. मग तिनं विचारलं, साहेबांच्या मशीनला हातानं १ कुणी घातलाय?
अखेर कोणीतरी विचारलं! एवढे दिवस मी गप्प राहून केलेलं काम सगळ्या संचालक मंडळासमोर. मी उभा राहिलो, शर्ट नीट केला आणि सांगितलं, मी. साहेबांना नंबर एकचा मान मी दिला.
टाळी एकच वाजली. अमरसिंहांची.
दीक्षानं १ काढून टाकला. साहेबांना २७ मिळाला आणि क्षणात सगळी मशीनं चालू. साहेब माझ्याकडे बघत होते. गेले महिनाभर ते ज्याला शोधत होते त्याच्याकडे बघावं तसं. मला फार लाज वाटली. पण उद्देश चांगला होता हे कोणी लक्षात घेतलं नाही.

१५ नोव्हेंबर. गगनबावडा
धुकं. गोदाम. खताची पोती आणि मी. इथं एकच कॉम्प्युटर आहे, म्हणजे विचार केला तर नंबर एक माझाच. ही बढती आहे असंही बघता येईल. हेड ऑफिसची लाइन यायची आहे, वायरची डबी तेवढी बसवलीय.
आज मशीन चालू केलं आणि थक्क झालो. मी हात न लावता त्यानं नंबर घेतला होता! हेड ऑफिससारखा नव्हे, अगदी वेगळा, सुरुवातच एकशे एकोणसत्तरनं. कोणीतरी माझी दखल घेतली. की पाळत? लगेच दीक्षाला फोन लावला.
आधी म्हणाली, अण्णा, थंडी हाय तिथं, कानटोपी घालता न्हवं? मग सांगितलं. मशीन चालू झालं की विचारतंय, कोण हाय का. कुणीच उत्तर दिलं न्हाय की थोडी वाट बघतंय आणि शेवटी स्वतःच स्वतःला नंबर देऊन टाकतंय.
मी विचारलं, मग त्या नंबराचा अर्थ काय?
म्हणाली, अर्थ काय न्हाय अण्णा. एकटं हाय, एवढंच.
फोन ठेवला. मशीन बंद केलं, परत चालू केलं. त्यानं परत विचारलं असणार, कोण हाय का. मी समोरच बसलो होतो.