म्हैस व्याली का?

४ फेब्रु. २००२, सोमवार
ह्यांचं पत्र आलं एकदाचं. रजा रद्द, तब्येत ठीक, डाळीत मीठ जास्त. सीमेवर नेमके कुठे, ते लिहायला बंदी. पत्रं उघडून वाचतात म्हणे. पण पाकिटाच्या घडीत वाळू निघाली! शाळेचा ॲटलस काढून बसले. राजस्थान की पंजाब? भूगोलाच्या बाईला स्वतःचा नवरा नकाशावर सापडेना.
बरं झालं, जाताना स्टँडवर खूण ठरवून घेतली. हेच म्हणाले, "म्हस आटली असं लिवलं तर समज, काय हुईत न्हाई, माघारी येतोय. म्हस व्याली म्हटलं की पेटलं." म्हशीवर कोण संशय घेणार? हुशार माणूस आहे माझा.

१७ मार्च, रविवार
मुरगूडला सासरी जाऊन आले. सासूबाई गोठ्यात म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाल्या, "गाभण हाय गं. उन्हाळ्यात व्यायची."
मी गारच! खूण ठरवताना खऱ्या म्हशीचा दोघांनाही विसर पडला होता. आता हे घरच्या म्हशीची चौकशी करणार आणि मी इकडे… पत्रातून खुलासा करायचा तर कसा? वाचणारे वाचणारच.

९ एप्रिल, मंगळवार
सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाकिस्तानच्या नकाशात आपलं कोल्हापूर केवढं असंल वो?" दिवसभर तेच डोक्यात. तिकडेही कुणी भूगोलाची बाई असेल. तिच्या पाकिटातून कसली वाळू निघत असेल?

२२ मे, बुधवार
पेपरभर युद्ध. शिवाजी पेठेत चहाच्या गाड्यावर तर लोक लढून जिंकूनही आले. आणि नेमकं आज पत्र. शेवटून तिसरी ओळ: "म्हैस व्याली का?"
प्रश्नचिन्ह आहे. ठरलं होतं बिनप्रश्नाचं. की घाईत पडलं? भिंगाखाली धरून पाहिलं. प्रश्नचिन्हच. या खेपेला वाळूचा कण नाही. म्हणजे जागा बदलली?
भीती वाटते. खूप वाटते. लिहिलं तरी कमी होईना.

२६ मे, रविवार
मुरगूडची म्हैस व्याली, रेडी झाली. सासूबाईंनी शेजाऱ्याकडून ह्यांना पत्र लिहवून पाठवलंसुद्धा: "म्हैस व्याली. सर्वजण खुशीत आहोत. जयभीम." कपाळाला हात लावला. तिथे बसून वाचताना काय वाटेल माणसाला?

१६ जून, रविवार
सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. "बाई, पळा, फौजींचा फोन!" अनवाणी पळाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा.
"आईचं पत्र मिळालं. म्हस व्याली की!" हसत होते. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. रडू आलं, तरी विचारलंच, "कुठली? तुमची का घरची?"
हसणं थांबलं. "मुरगूडची गं. हिकडची अजून…"
लाईन तुटली.
बूथवाला म्हणाला, "करतील की परत. बसा." दोन तास बाकड्यावर बसले. अजून काय? अजून व्याली नाही, की अजून आटली नाही? घरी येऊन दोन्ही वाक्यं वहीत लिहून पाहिली. उलगडा होईना.
परत बूथवर गेले. त्याला सांगून आले, मी पोचायच्या आत लाईन तुटायला लागली तर तुम्ही एवढंच विचारून ठेवा: अजून काय?