चारही चाकं जमिनीवर

३ मार्च, सकाळी ९.४०
अखेर काम माझ्याकडे आलं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांना शिकवायचा सिम्युलेटर. स्क्रीनवरची गाडी खडबडीत रस्त्यावर खऱ्यासारखी हलायला हवी. साहेबांना दहा दिवस सांगितले. खरं तर चार पुरेत. उरलेल्या सहांत व्यायाम सुरू करणार.

६ मार्च
जमीन तयार. दगड, खड्डे, चढ, सगळं अप्रतिम. गाडी ठेवली. जमिनीतून आरपार खाली गेली. अजून जातेच आहे. ठेवली त्या क्षणी मात्र फार देखणी दिसली.

१० मार्च
चाकांना स्प्रिंग लावल्या. आता बुडत नाही, उडते. आमच्याकडे आवाजाचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, स्प्रिंगला आवरायला शॉक अ‍ॅब्जॉर्बर लागतो ना? म्हटलं, माझ्या डोक्यात होताच. फक्त टाइप करायचा राहिला होता.

१४ मार्च
वहिनी अकरा वर्षं खरी अ‍ॅम्ब्युलन्स चालवते. जेवताना म्हणाली, भाऊजी, एक दिवस माझ्याबरोबर खाणीच्या रस्त्याने चला, गाडी काय करते ते बुडाला कळेल. समजावून सांगितलं, की गणित येणाऱ्याला धक्के खावे लागत नाहीत. शिवाय माझी कंबर. दादा हसला. त्याला गणित कधी जमलंच नाही.
ऑफिसात ही गंमत सांगितली, तर आवाजवाल्या बाईंनी वहिनीचा नंबरच मागून घेतला.

१८ मार्च
शोध लागला! दोष गाडीत नाही, जमिनीत आहे. खड्ड्यांची खोली निम्मी केली. गाडी पाच सेकंद सरळ चालली.

१९ मार्च
उरलेली निम्मीही काढली. दगड आता नुसते रंगवलेत. दिसतात, लागत नाहीत. नऊ मिनिटं एकही उडी नाही. व्यायाम सोमवारपासून.
आवाजवाल्या बाई म्हणे वहिनीच्या गाडीत स्ट्रेचरवर पडून, छातीवर मोबाइल ठेवून धक्के मोजतायत. काही लोकांना कामच नसतं.

२४ मार्च, दुपारी
डेमो. वहिनी आणि तिच्याकडचे दोन ड्रायव्हर आले. वहिनीने माझी गाडी दहा मिनिटं चालवली आणि विचारलं, हा रस्ता आहे कुठे? तिथेच राहायला जाते. सगळे हसले. मीही हसलो, कौतुकच होतं ते.
मग म्हणाली, मागे पेशंट कुठाय? म्हटलं, आधी रिकामी गाडी. ती म्हणाली, रिकामी कोणीही चालवेल, भाऊजी. मागे कुणाची तरी मोडलेली मांडी असते आणि पुढे खड्डा. मधे मी. ते शिकवायचंय.
कोणी हसलं नाही. मी थोडासा हसलो.
मग आवाजवाल्या बाईंनी स्वतः बनवलेली गाडी स्क्रीनवर लावली. करडी जमीन, ना रंग ना रूप. चाकं मात्र एकेक करून खाली-वर. पहिला खड्डा दिसताच वहिनीचा हात आपोआप गिअरकडे गेला. साहेब म्हणाले, हेच घ्या. जमिनीला रंग नाही, हे मी तीनदा लक्षात आणून दिलं.

२७ मार्च
नवी जबाबदारी. सिम्युलेटरमध्ये हॉस्पिटलच्या दारात दिसणारी उभी गाडी माझ्याकडे. ती चालवायची नाहीये. तासाभराचं काम.

३१ मार्च
उभी गाडी सरकते. मिनिटाला वीतभर. बाईंना विचारायचं नाही, असं ठरवलं आहे.

संध्याकाळी ५.५०
थांबली. हॉस्पिटलच्या भिंतीत अर्धी शिरून थांबली. साहेबांना कळवलं, काम फत्ते.