खिशातलं पेन

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "घरी न्यायचं की इथंच ठेवायचं, एवढंच आता तुम्ही ठरवायचं." मी मान हलवली, आभारही मानले. आभार कशाचे मानले?

परळच्या हॉस्पिटलातून घरी आले आणि अण्णांचा फोटो शोधायला बसले. ते जिवंत आहेत. वरणभात मागतात, पंखा वाढवायला सांगतात. आणि त्यांची मुलगी श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो शोधतेय. लाज वाटते, पण केलं ते लिहायचं.

आई गेली तेव्हा मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून, रुंद ताणून छापला होता. जलदान विधीला आलेल्या एका बाईने बॅनरखाली उभं राहून विचारलं, "शैलाताई त्या ह्याच का?" अण्णांनी ऐकलं. नंतर कितीतरी वेळ खुर्च्या नुसत्या इकडून तिकडे सरकवत होते.

अण्णांचं तसं होऊ द्यायचं नाही.

एक चांगला फोटो आहे. माझ्या भावाच्या, धम्मपालच्या अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये आईने तिच्या फोनवर काढलेला, माझ्या लॅपटॉपवर घेतलेला. पांढरा शर्ट, हसतायत. मागे मात्र वाळत घातलेले कपडे आणि कुणाचा तरी अर्धा चेहरा. खालच्या फ्लेक्सवाल्या जयवंतने हे चहा पितापिता केलं असतं. पण त्याच्या हातात फोटो दिला की संध्याकाळपर्यंत सगळी चाळ डोळे पुसत दारात. म्हणून मीच करणार. गिम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

खोडरबर फिरवते तिथे आरपार दिसण्याऐवजी पांढराच रंग लागतो. ऑफिसातून आल्यापासून तेच चाललंय. शेवटी फेसबुकवरच्या एका मराठी ग्रुपवर विचारलं. वैभव नावाच्या कुणीतरी लगेच उत्तर दिलं, "ताई, लेअरला अल्फा चॅनल जोडला नाहीये, त्याशिवाय आरपार होत नाही. उजवं क्लिक करा, सापडेल." सापडलं. पुढे त्याने विचारलं, "कशासाठी बनवताय?"

वाढदिवसाचा बॅनर, असं लिहिलं. का लिहिलं? अनोळखी माणसाशी खोटं बोलायची काय गरज होती?

६ फेब्रुवारी, गुरुवार

धम्मपालला सांगितलं. फोनवर म्हणाला, "जिवंत माणसाला कापतेयस तू, नमूताई."

मी म्हटलं, शकुन-अपशकुन आपण मानत नाही ना?

"नाही मानत. तरी कापू नकोस."

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं! कपडे गेले, अर्धा चेहरा गेला. खिशाजवळ शाईचा मोठा डाग होता, तोही पुसला. शर्ट नवा दिसतो. त्याच फाइलवर सेव्ह केलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा वाईट.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना आज भाताची पेजही गेली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांना झोप लागली असं समजून खाटेशेजारी लॅपटॉप उघडला. कानाच्या कडा नीट करत होते.

"बॅनरचा का?"

ते बघत होते. मला वाटलं, रडतील. म्हणाले, "पेन कुठाय?"

कुठलं पेन?

"खिशातलं. पुसलंस तू."

डागाबरोबर पेनही गेलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, शाई सांडली होती हो.

"सांडंना. आमच्या बापाच्या खिशात काय होतं? विडीकाडी. आमच्या घरात खिशाला पेन पहिलं मी लावलं. शिपाई होतो तरी साहेब माझ्याकडून मागून घ्यायचा. आणि तू कॉलेज शिकून तेच पुसलंस होय?"

रागावले नव्हते. ते जास्त लागलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मूळ फोटो आईच्या फोनमध्ये होता. तो फोन आता सुरूच होत नाही. दादरला दुरुस्तीवाल्याने पाहून परत दिला. वैभवला विचारलं. "त्याच फाइलवर ओव्हरराइट केलंत? मग गेलं, ताई. नेहमी कॉपीवर काम करायचं. आता तसाच शर्ट, तसंच पेन घ्या, फोटो काढा आणि वर चिकटवा."

कॉपीवर काम करायचं. ऑफिसात साधा कागद झेरॉक्स काढल्याशिवाय मी हातचा सोडत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग माझाच काढ ना." लॉकरमधला शर्ट मागितला. सलाइनचा हात बाहीत जाईना, तो तसाच बाहेर ठेवला. पेन स्वतः लावलं. सिस्टर आली, "काय बाबा, कुठं निघालात?"

"फोटोला. पोरगीला पेन पाहिजे."

मी खिशाचेच काढत होते. तर म्हणाले, "नुसता खिसा काय काढतेस येडे? मागं सरक." म्हणून शेवटचा एक सगळा काढला. नंतर ते लगेच आडवे झाले. शर्ट काढू देईनात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पेन चिकटवलं, पण ते तरंगतं. वैभव म्हणाला, तरंगतं सिलेक्शन आहे, अँकर करा म्हणजे खालच्या फोटोत बसेल. केलं. सावली दिली. आता कुणालाही कळणार नाही. जयवंतकडे उघडेल अशी पीएनजी फाइलही करून ठेवली. वैभवला आभाराचं लिहिलं. तो म्हणाला, "काकांना हॅपी बर्थडे सांगा. केक पाठवा."

सांगते, असं लिहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओळखलं नाही मला. बोटं छातीवर खिसा शोधत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांचा जलदान विधी रविवारी. जयवंतला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "ताई, हा नको. अण्णा खूप आजारी दिसतायत. बाजूला सलाइनपण आलंय. दुसरा नाही का? नाहीतर मी काढतो पुसून."

दुसरा आहे, म्हटलं. पण हाच लाव. काही पुसू नकोस.

पेनसाठी काढलेला आहे तो. माझ्याकडे बघतायत.