बर्फातल्या वर्गाची हजेरी

हरसूल,
२२ जून १९९९

ती. खंडूदादास,
धाकट्या सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

माझी कारगिलवरची कविता पेपरात आली. फक्त छापणाऱ्यांनी सिंधुबाईचं सिंधुराव केलं, त्यामुळे चौथीतली पोरं विचारतात, हे सिंधुराव बाईंचे कोण लागतात. हेडमास्तरांनी ती प्रार्थनेनंतर वाचली, तेव्हा मी व्हरांड्यातला खांब घट्ट धरून उभी होते. वर्गात बोलते तशीच लिहिली आहे:

बर्फातल्या पोरांनो, हजेरी रोज होणार,
न सांगता कुणी गैरहजर राहायचं नाही.

खरं तर ती तुझ्या लेकासाठी, आपल्या ज्ञानेशसाठी आहे. महिनाभर त्याचं पत्र नाही, हे तू लपवलंस; वहिनीने कळवलं. कात्रण त्याच्या पलटणीच्या पत्त्यावर धाडलं आहे.

रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझी सिंधू


मखमलाबाद,
२९ जुलै १९९९

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

ज्ञानेशचं पत्र आलं. पोरगा सुखरूप आहे. पायातली गोळी काढली, इस्पितळात आहे. तुझ्या वहिनीने पत्र मला चारदा वाचायला लावलं. पाचव्यांदा वाचलं ते मेथी न्यायला आलेल्या लताबाईसाठी. ती रडत रडत मेथी न घेताच गेली.

तुझं कात्रण फिरत फिरत त्याला पोचलं. त्याने वॉर्डात सगळ्यांना अर्थ सांगितला. आता नर्स आत आली की अख्खा वॉर्ड ओरडून हजेरी देतो. ती बाई लय वैतागली आहे म्हणे.

जिवाला जप. लोभ आहेच.
तुझा दादा


हरसूल,
२ ऑगस्ट १९९९

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र पोस्टातच उभ्याने वाचलं. पोस्टमन धोंडीराम यांचं तोंड गोड करावं म्हणून पिशवीत हात घातला आणि त्यांच्यापुढे खडूची पेटी धरली. त्यांनी एक खडू घेतलासुद्धा.

वर्गात उलटी बेरीज शिकवली, पोरांनी दुरुस्त केली. तो कधी येणार, ते लगेच कळव.

तुझी वेडी सिंधू


मखमलाबाद,
२४ ऑगस्ट १९९९

चि. सिंधूस आशीर्वाद.

काल ज्ञानेश आला. नाशिकरोडला गाडी थांबताच मी हार घेऊन धावलो आणि भलत्याच जवानाच्या गळ्यात घातला. तो बिचारा वाकून माझ्या पाया पडला. मागे कुबड्यांवर ज्ञानेश हसत उभा. वहिनीने दोघांनाही कुरवाळलं.

शुक्रवारी त्याला घेऊन तुझ्या शाळेत येतो. त्याला ती कविता तुझ्या तोंडून ऐकायची आहे. मलाही. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी तू कवितांची वही घेऊन मळ्यात माझ्यामागे हिंडायचीस, आणि मी म्हणायचो, आधी पिकाला पाणी धर. एकही ऐकली नाही. ती वही असेल तर काढून ठेव. पहिल्या पानापासून वाच. मी मागच्या बाकावर बसेन.

तुझा दादा