बोर्ड म्हणजे मुळात फळी

अमरावती, कार्तिक शुद्ध पंचमी, दिवेलागण

बाबा आज सकाळी अकोल्याहून आले आणि दारावरची 'बोर्डिंग' ही नवी पाटी पाहून उंबऱ्यातच थांबले. हायस्कुलातल्या मुलांना मी जेवू घालते, हे त्यांना असं कळलं.

"भिक्षुकाची लेक अन्न विकून राहिली? काहून गं?"

हे गेल्यावर दोन लेकरं कशावर वाढवू, असं म्हणवलं नाही. मी भलतंच बोलत सुटले. हे शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यांनीच एकदा सांगितलेलं. बोर्ड म्हणजे मुळात लाकडाची फळी. तिच्यावर लोक जेवू लागले, म्हणून जेवणही बोर्ड झालं. तिच्याभोवती बसून कारभार करणारेही बोर्ड. आपल्या लोकल बोर्डातली बडी मंडळीसुद्धा त्या फळीवरूनच आलेली.

नेमकी फळीच कशी आठवली मला?

बाबांनी वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला. मग म्हणाले, "म्हणजे पंगतच झाली की."

त्यांचं पान मी आत वेगळं मांडलं होतं. ते सरळ मुलांच्या रांगेत जाऊन बसले. "इथंच वाढ." वरण दुसऱ्यांदा मागितलं, तेही मुलांसारखी वाटी पुढे करून.