दोष धुराड्याचा

मादान, १४ नोव्हेंबर २०११

चि. ल्यूबेन यास नेवेनाचे अ. आ. वि. वि.

तुझ्या ओळखीने घेतलेली लाकडाची लोखंडी शेगडी येऊन आज बारा दिवस झाले. दिसायला देखणी आहे, नाही म्हणत नाही. आईने तिच्यावर विणलेला रुमाल घालायचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला. पण मेलीचं दार लागत नाही. खिटी कितीही दाबा, वरच्या कोपऱ्यात फट राहते. मी पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, आरपार जातं. शेगडी आईच्या पलंगाशेजारी आहे हे तुला ठाऊकच आहे. रोज सकाळी तिचं डोकं दुखतं. म्हणते, आता वय झालं. चौऱ्याऐंशी वर्षांत वय झाल्याचं तिला शेगडी आल्यावरच बरं कळलं!

दुकानात दोनदा जाऊन आले. तिथला टायवाला म्हणाला, आजी, शेगडी तापली की दार आपोआप बसतं. मी त्याला सांगितलं की मी तुझी आजी नाही, आणि शेगडी लालबुंद झाली तरी दार बसलेलं नाही. तू त्याच कंपनीच्या दुरुस्ती खात्यात आहेस, म्हणून आधी तुला कळवते. फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. माझा एक कान गेलाय, आणि सत्तावीस वर्षं पोस्टात काढल्यावर माझा भरवसा कागदावरच.

लेकीला, विओलेताला माझे आशीर्वाद. परीक्षेच्या नावाखाली उपाशी राहते का, ते बघ. लोभ आहे, पण दार बसेपर्यंत जरा बेतानेच.

तुझी ताई नेवेना

प्लोव्हदिव, १९ नोव्हेंबर

ती. ताईस ल्यूबेनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू दुकानात दोनदा गेलीस हे वाचून मला त्या टायवाल्याचीच दया आली. ताई, नव्या शेगडीचं असंच असतं, महिनाभरात दार बसतं. तोवर धुराडं झाडून घे. जुन्या घरांत दहातल्या नऊ वेळा दोष धुराड्याचाच निघतो. खिडकी बोटभर उघडी ठेव. नाताळला येतोच आहे, तेव्हा स्वतः बघतो.

एवढं ऐक, ग्राहक आयोगाबियोगाचं मनात आणू नकोस. इथे वातावरण तापलेलं आहे, आणि घरच्याच माणसाने तक्रार केली असं झालं तर माझी पंचाईत होईल. विओलेताचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष आहे.

आईच्या दोन्ही गालांचा पापा घे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा ल्यूबेन

मादान, १ डिसेंबर

चि. ल्यूबेन यास अ. आ. वि. वि.

खिडकी उघडी ठेव म्हणतोस. इथे गुडघाभर बर्फ पडलाय. खिडकी उघडी टाकून बसायचं होतं तर शेगडी कशाला घेतली असती?

धुराडं झाडून घेतलं. धुराडी झाडणारा मेतोदी स्वतः छपरावर चढला. धुराडं स्वच्छ आहे, धूर नीट ओढतं, असं त्याने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. मंगळवारी तुमच्या कंपनीचा माणूस आला. उंबऱ्यावर पाच मिनिटं उभा राहिला, दाराला हातसुद्धा लावला नाही. लिहिलं काय, तर दोष धुराड्याचा, ग्राहकाची चूक, हमी लागू नाही. मी पोस्टकार्ड पुढे केलं आणि फटीत घालून बघ म्हटलं. त्याच्या फॉर्मात पोस्टकार्डाचा रकाना नाही म्हणे!

मग मी वाचनालयात बसून कायदाच वाचून काढला. घेतल्यापासून सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरतात. नव्हता, हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं, मी नाही. हमीच्या कार्डावर कारखान्याने काही का छापलेलं असेना, जबाब दुकानदारानेच द्यायचा. महिन्याभरात दुरुस्त करा, नाही तर परत घ्या. हे सगळं रजिस्टर पत्राने दुकानाला कळवलंय. पोचपावती परत आली आहे. उत्तर नाही. विकताना आम्ही ताई, मावशी, सगळं काही असतो, आणि दार बिघडलं की आम्हीच चूक!

एक गोष्ट मात्र मनात टोचते आहे. दोष धुराड्याचा, हेच शब्द तूही लिहिलेस. शेगडी न बघता.

आई विचारते, तू कधी येणार. लोभाचं पुढच्या पत्री बघू.

नेवेना

स्मोल्यान, ९ डिसेंबर

ल्यूबेन,

मायना लिहायला हात वळत नाही.

परवा सकाळी मी दूध घेऊन आईच्या खोलीत गेले, तर ती पलंगाखाली पडलेली. ओठ लाल, डोळे अर्धे उघडे. खिडकी फोडली, तिला ओढत बाहेर बर्फात आणलं आणि ओरडत सुटले. वरच्या वाडीतला सालिह गाडी घेऊन धावला, म्हणून ती आज आहे. इथल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, धुरातला विषारी वायू. आणखी तासभर गेला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. शुद्धीवर आली आहे. मला ओळखते. चमचा हातात धरवत नाही.

काल सालिहने मला थोडा वेळ त्याच्या घरी नेलं. त्याची बायको आयशे हिने गरम सूप पुढे ठेवलं. मी मान वर केली, तर कोपऱ्यात तीच शेगडी. तेच दार, तीच फट. शेजारी जमिनीवर त्यांच्या दोन मुली चित्रं काढत बसलेल्या. आयशेने सांगितलं की त्यांनीही तक्रार केली होती, आणि कागद आणून दाखवला. दोष धुराड्याचा, ग्राहकाची चूक. खाली सही तुझी. 'ल'चा शेपटा शाळेत काढायचास तसाच.

मी विचारलं, हा माणूस कधी आला होता. ती म्हणाली, कुणीच आलं नव्हतं, कागद टपालाने आला.

काय समजायचं मी?

नेवेना

प्लोव्हदिव, १३ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

आईजवळ येऊ दे एवढंच मागतो. पण आधी तू विचारलंस त्याचं उत्तर.

ऑक्टोबरमध्ये आलेल्या मालाची दारं ओतकामातच वाकडी आहेत. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. बैठक बोलावून आम्हाला वाक्य दिलं गेलं, तेच लिहायचं. मी ते सतरा वेळा लिहिलं. तीन-चार घरी गेलो होतो, बाकी टेबलावर बसून. पहिल्या दोन वेळा जड गेलं. मग सवय झाली.

तुझी शेगडी जुन्या मालातली असेल असं मी धरून चाललो. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा कळायला हवं होतं. खरं सांगतो, कळलंही होतं. नोकरी डोळ्यांसमोर आली. नाताळपर्यंत काही होणार नाही असं स्वतःला सांगत राहिलो.

आईला काय सांगू?

ल्यूबेन

स्मोल्यान, १७ डिसेंबर

ल्यूबेन,

आईला काहीही सांगायचं नाही. तिला वाटतं, तिनेच शेगडीचं दार नीट लावलं नाही. स्वतःलाच बोल लावत बसते. ते ऐकते तेव्हा तुला मारावंसं वाटतं, आणि तू एवढा मोठा झालास की माझा हात पोचत नाही याचाही राग येतो.

नाताळला येऊ नकोस. तुझी माफी मला नको, तिने कुणाच्या घरातला वायू निघत नाही. सतरा घरं म्हणालास. त्या सतरा घरांत आजही शेगडी पेटलेली आहे. आधी तिथे जा. मग आयोगाकडे जा आणि बैठकीत काय झालं ते तुझ्या सहीने लिहून दे. सही करायची तुला सवय आहेच. सालिहला मी सांगितलंय, त्याने शेगडी त्याच दिवशी अंगणात फेकली.

ते झाल्याशिवाय मला लिहू नकोस.

नेवेना

प्लोव्हदिव, २४ जानेवारी २०१२

ती. ताईस ल्यूबेनचा नमस्कार. वि. वि.

आयोगाकडे जबाब दिला, नऊ पानं. दुसऱ्याच दिवशी कंपनीने मला काढलं. विओलेताला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की संध्याकाळी काम धरीन आणि शिकेन.

सतराही घरी गेलो. सालिहकडे आयशेने मला अंगणातच उभं केलं, आणि ते बरोबरच होतं. एका म्हातारीने मला आत बोलावून चीज भरलेली बानित्सा खाऊ घातली. मी सांगितल्यावर ताटली काढून घेतली. एकाने गचांडी धरली. पण सगळ्यांनी शेगड्या विझवल्या.

सोळा घरी, ताई. सतराव्याला कुलूप होतं. असेनोव्हग्रादच्या वरच्या खेड्यात देल्चो नावाचे गृहस्थ एकटे राहायचे. शेजारीण म्हणाली, नोव्हेंबरच्या अखेरीस खुर्चीत गेलेले सापडले. कागदावर हृदयविकार लिहिलंय. वयस्कर माणूस, कुणी तपासलं नाही. मुलगी रुसेला असते. मी पत्ता न विचारताच निघून आलो.

तुझा भाऊ म्हणून सही करायचा धीर होत नाही.

ल्यूबेन

मादान, १२ फेब्रुवारी

चि. ल्यूबेन यास अ. आ. वि. वि.

आयोगाचा निकाल लागला. त्या मालातली प्रत्येक शेगडी परत घ्यायची, प्रत्येक घरी लेखी कळवायचं. काल आमची न्यायला दोघे आले. दुकानाच्या साहेबाने मिठाईचा डबा पाठवला होता. मी तो शेगडीतच ठेवून दार लावलं, आणि नेहमीसारखं लागलं नाही. तसाच परत गेला.

आई घरी आहे. जुनी शेगडी पुन्हा मांडली. चमचा आता डाव्या हाताने धरते. तुझी वाट बघते. ईस्टरला ये. ती जेवू घालेल, तू जेव. मी अजून रागावलेली आहे आणि किती दिवस राहीन ते मला ठाऊक नाही, पण ताटात वाढायला राग आड येणार नाही.

त्याआधी एक काम आहे. असेनोव्हग्रादच्या पोस्टातली राद्का माझ्या ओळखीची. देल्चोंच्या मुलीचा पत्ता तिने मिळवून दिला, खाली लिहिला आहे. पत्र तू लिही. हाताने लिही, आणि मला दाखवू नकोस.

तुझी ताई नेवेना

प्लोव्हदिव, १९ फेब्रुवारी

श्रीमती स्लाविना देल्चेवा यांस नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नाही. मी शेगड्या दुरुस्त करणारा माणूस आहे. गेल्या ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला मी तुमच्या वडिलांच्या घरी गेलो होतो. नव्या शेगडीतून धूर येतो अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी मला कॉफी दिली. तुमच्याबद्दल बोलले, तुम्ही शाळेत गणित शिकवता म्हणाले. मी शेगडी तपासली. दार वाकडं होतं. धुराडं मी स्वतः चढून पाहिलं, त्यात काहीही दोष नव्हता. दोष धुराड्याचा आहे असं मी लिहिलं आणि सही केली. त्यांनी तो कागद वाचला, माझे आभार मानले, आणि उद्याच माणूस बोलावून धुराडं झाडून घेतो म्हणाले.

तुमचे वडील कशाने गेले हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आहे. पण मी काय पाहिलं आणि काय लिहिलं ते तुम्हाला कळायला हवं. आयोगाकडे दिलेल्या जबाबाची प्रत सोबत आहे. तुम्ही कोर्टात गेलात तर मी येईन आणि हेच सांगेन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुमच्याकडे तो मागायचा मला अधिकार नाही. पत्ता वर दिला आहे.

ल्यूबेन