अकराचा तुकडा बावीसला

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लॅब एकदम भारी आहे! इथे नव्या माणसाने आधी स्वतःचंच रक्त तपासायचं, म्हणजे माती केली तर स्वतःचीच. पेशीतले क्रोमोसोम रंगवायचे, फोटो काढायचा आणि धुतलेल्या मोज्यांसारख्या जोड्या लावायच्या. माझ्या दोन जोड्या जुळेचनात. मॅडमना वाटलं मी वेंधळी. मग त्यांनी स्वतः बघितलं आणि मला चहा दिला. त्या कुणालाच चहा देत नाहीत!

माझ्या अकरा नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा बावीसला चिकटलाय, बावीसचा अकराला. माल पूर्ण आहे, म्हणून मी ठणठणीत (डोकं सोडून). पण बाळाला निम्मंच द्यायचं असतं, त्या वाटणीत घोळ झाला तर ते पोटात टिकत नाही. हे बहुतेक आई किंवा बाबांकडून आलंय.

ताई, तुझं तीनदा तसं झालं. रागावू नकोस, पण रक्त देशील?

लोभाची तेवढी अदलाबदल करू नकोस.
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रक्त दिलं. तुझे भावजीही ऐटीत सोबत आले आणि माझी सुई बघून आडवे झाले.

मला शिंपिणीला एवढंच कळलं: कापड पुरेपूर, पण बाही कॉलरला शिवलीय. सासूबाई म्हणतात, तिन्ही वेळा मशीनच्या पायडलमुळेच गेलं. तेव्हापासून मशीनवर चादर आहे. खरं सांगू? एकटी असले की मलाही तसंच वाटतं.

काय निघेल ते निघो, गोड करून सांगू नका म्हणावं.

लोभ आहे, पुरवून वापर.
ताई

१८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला. अकरा-बावीस! लहानपणापासून माझं सगळं तुला हवंच असायचं, हेही सोडलं नाहीस ना? आई-बाबांना फोन केला, तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत.

पुढचं मूल नीट होऊ शकतं म्हणे, आधी तपासताही येतं. ते आम्ही सावकाश ठरवू.

घरी सांगितलं, मशीनचा काडीचाही दोष नाही. वाटलं, सासूबाई आता सॉरी म्हणतील. त्या उठल्या, मशीनवरची चादर काढली, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, मग माझे पडदे कधी देतेस?

मी आत जाऊन भरपूर रडले. मग पडदे घेतले. पायडल असं दणादण हाणलं की खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले.

लोभ निम्मा तुला, निम्मा मला.
ताई